गणपतराव बोडस

गणेश गोविंद ऊर्फ गणपतराव बोडस (जन्म : शेवगाव, अहमदनगर जिल्हा, २ जुलै १८८०, मृत्यू : २३ डिसेंबर १९६५) हे मराठी रंगभूमीवरील अष्टपैलू नट, गंधर्व नाटक मंडळीच्या तीन संस्थापकांपैकी एक आणि 'माझी भूमिका' या आत्मचरित्राचे लेखक होते. गायक नटांच्या काळात, गायनासाठी गाजलेल्या मंडळींत राहून, त्यांनी प्रामुख्याने गद्य अभिनयाच्या बळावर नाव मिळवले.

किर्लोस्कर नाटक मंडळी

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ज्या वर्षी रंगभूमीवर आले, त्याच वर्षी बोडसांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १८९५मध्ये, ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब तोपर्यंत हयात नव्हते. प्रेक्षक येत ते भाऊराव कोल्हटकरांचे गाणे ऐकण्यासाठी. अशा मंडळीत गाणे हे ज्याचे मुख्य भांडवल नाही अशा नटाच्या वाट्याला सहसा दुय्यम कामे येत. बोडसांच्या घडणीला उपकारक ठरली ती गोविंद बल्लाळ देवल यांची तालीम. देवल हे नाटककार होतेच, पण नटाकडून वाक्य कसे बोलवून घ्यावे याची जाण असलेले शिक्षकही होते. संवादातील अर्थ, विराम आणि स्वाभाविक बोलणे यांवरील त्यांचा भर बोडसांच्या अभिनयात कायम राहिला.

१९०१मध्ये भाऊराव कोल्हटकर वारले आणि १९०५मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर आणि बोडस लक्ष्मीधर होते. लक्ष्मीधर हा श्रीमंतीने मढलेला, पण भित्रा वर. नाटकातील पदांची कीर्ती मोठी असली, तरी धैर्यधराच्या शौर्याला उठाव येतो तो लक्ष्मीधराच्या भेकडपणामुळे, हे विसरता येत नाही.

गंधर्व नाटक मंडळी

त्याच वर्षी जोगळेकरांचे निधन झाले. त्यानंतर मंडळीच्या कारभाराविषयी असंतोष वाढत गेला आणि १९१३मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. नाव एकाचे असले, तरी भागीदार तिघे होते. बोडसांच्या दृष्टीने हा निर्णय धोक्याचा होता. अठरा वर्षांचे बस्तान सोडून ते नव्या संस्थेच्या नफ्यातोट्याचे धनी झाले होते.

देवलांनी आपले 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे जुने गद्य नाटक पदे घालून 'संशयकल्लोळ' या नावाने नव्याने सिद्ध केले. तथापि जून १९१६मध्ये देवल वारले आणि २० ऑक्टोबर १९१६ रोजी झालेला पहिला प्रयोग त्यांना पाहता आला नाही. ज्या गुरूने ही भूमिका लिहिली, त्याच्या माघारी ती उभी करण्याची जबाबदारी बोडसांवर आली. मूळ कथानक फ्रेंच नाटककार मोलियरचे. ते इंग्रजीतून मराठीत आले, पण पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी ते पुरते घरचे केले. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनराव पेटतो. त्याचा संशय त्याच्यापुरता संपूर्ण खरा असतो, म्हणूनच तो हास्यास्पद होतो. नटाने जरा विनोदाच्या मागे लागावे आणि सारे पात्र ढासळावे, अशी ही भूमिका आहे. बोडसांची ती सर्वांत गाजलेली भूमिका ठरली आणि पुढच्या फाल्गुनरावांना त्यांच्याशी तुलना चुकली नाही.

तीन वर्षांनी जवळजवळ तोच प्रसंग पुन्हा आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यांचे 'एकच प्याला' २० फेब्रुवारी रोजी बडोद्यास प्रथम झाले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, तर सुधाकर बोडस. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. अपमानाच्या एका क्षणी दारूकडे वळतो आणि घरदार, मूल, पत्नी व अखेर स्वतःचाही नाश करून घेतो. पदांचा मोठा वाटा सिंधूकडे असल्याने सुधाकराचा अधःपात मुख्यतः शब्दांतूनच दाखवावा लागतो. तळीराम आणि त्याच्या मद्यपी मंडळाच्या हशानंतर लगेच प्रेक्षकांना सुधाकराच्या दुःखाकडे वळवणे हे तर अधिकच अवघड. ज्या प्रेक्षकांनी फाल्गुनरावाला पोट धरून हसावे, त्यांच्यासमोर तोच नट आता शोकात्म नायक म्हणून उभा होता. बोडसांच्या अष्टपैलुत्वाचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

टेंबे या भागीदारीतून लवकर बाहेर पडले होते. पुढे बोडसही मोकळे झाले आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांच्या मालकीची झाली.

लेखन व सन्मान

'माझी भूमिका' (१९४०) हे आत्मचरित्र नाटक मंडळ्यांचा अंतर्गत व्यवहार, तालमी, मालक-नटांचे संबंध आणि आर्थिक ओढाताण समजून घेण्यासाठी आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. अर्थात ते भागीदाराने सांगितलेले वृत्त आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे लागते.

संगीत नाटक अकादमीने मराठी अभिनयासाठी १९५५मध्ये बालगंधर्वांचा गौरव केला होता. पुढच्याच वर्षी, १९५६मध्ये, तो सन्मान बोडसांना मिळाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बालगंधर्व त्यांच्यामागे दीड-दोन वर्षे हयात होते.