तलवार आणि नाणे : गौतमीपुत्र सातकर्णी

आमचे मंचेरियल लोकांना ठाऊक आहे ते कोळशाच्या पट्ट्यातले गाव म्हणून, आणि दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचे एक स्टेशन म्हणून. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. या गावाचा आणि प्राचीन इतिहासाचा काही संबंध असेल असे शाळेत असताना मला कधी वाटले नाही. मराठी पुस्तकातला इतिहास घडत असे तो नाशिकला, पैठणला, जुन्नरला. आमच्याकडे फक्त गोदावरी होती. पण ती तीच होती, जी त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिक, पैठण आणि नांदेडवरून आमच्या घाटापर्यंत येते.

काझीपेठकडे जाणारी गाडी मंचेरियल सोडते, गोदावरीचा पूल ओलांडते, रामगुंडम घेते आणि पेद्दपल्लीला थांबते. या पेद्दपल्लीजवळ पेद्दबंकूर नावाचे खेडे आहे. तेथील उत्खननात सातवाहन राजांची हजारो नाणी सापडली, आणि त्यांच्याबरोबर रोमचे सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीही नाणी निघाली. आमच्या गावापासून नदीच्या वरच्या अंगाला, दक्षिण काठावर, कोटिलिंगाल आहे. तेथे तर सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक याच्या नावाची नाणी मिळाली आहेत. रोमच्या बादशहाचे नाणे आमच्या शेजारच्या खेड्यात काय करीत होते? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. राजांच्या लढायांपेक्षा हा प्रश्न मला अधिक खुपला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी ज्या पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन थांबले, तो म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

त्याचा काळ पुष्कळ अभ्यासक इ. स. १०६ ते १३० असा धरतात. अलीकडचे काही जण तो काही दशके मागे नेतात. त्याच्या बालपणाविषयी एकही ओळ मागे राहिलेली नाही. राहिले आहे ते आईचे नाव. गौतमी बलश्री ही त्याची माता, आणि त्या घराण्याच्या रीतीप्रमाणे आईच्या नावानेच तो ओळखला गेला. मात्र यावरून तेथे स्त्रियांचे राज्य होते असे समजू नये. गादी बापाकडून मुलाकडेच जात असे.

तो गादीवर आला तेव्हा घराण्याचे वैभव ओसरले होते. क्षहरात कुळातला शक क्षत्रप नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा घाटमाथा आणि खालचे कोकण बळकावले होते. नकाशा उघडून पाहिले तर नहपानाने नेमके काय घेतले हे लगेच ध्यानात येते. त्याने सातवाहनांच्या तिजोरीचा दरवाजाच घेतला होता.

इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेले, आणि तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांवर हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांची संख्या एकदम वाढली. स्ट्रॅबो या भूगोलकाराने एका बंदरातून वर्षाला १२० जहाजे निघत असल्याची नोंद केली आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली एरिथ्रियन समुद्राची मार्गदर्शिका आज उपलब्ध आहे. तिच्यात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी येते: इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, आणि सोन्याचांदीची नाणी. ही नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होत असे, हेही तो व्यापारी नोंदवून ठेवतो. परतीच्या जहाजांत हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि पिंपळी भरली जाई. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे आजचे तेर, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर. तगराहून कापडाचे गठ्ठे गाड्यांवर लादून भडोचला जात. पाच कोटी सेस्टर्स दर वर्षी हिंदुस्थान ओढून नेतो, अशी तक्रार रोमचा प्लिनी करीत होता.

याच मार्गदर्शिकेत कल्याणची हकीकत आहे. एके काळी ते रीतसर व्यापारपेठ होते. पुढे सत्ता बदलली, आणि कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागली. आजच्या भाषेत याला बंदराची नाकेबंदी म्हणतात. माल पिकतो सातवाहनांच्या मुलखात, जकात जमते शकांच्या पेठेत! गौतमीपुत्राने केलेले युद्ध मानासाठी असेल, कुळासाठी असेल. पण ते या वाटांसाठीही होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाच्या आगेमागे त्याने नहपानाचा पुरता पराभव केला. लढाई कोठे झाली, किती सैन्य पडले, याचा वृत्तांत कोणी लिहिला नाही. पण विजयाचा एक पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे जमिनीतून वर आला. चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा तो साठा होता. नाणी सारी नहपानाची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. परंतु त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे: तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग शत्रूच्या नाकावर टिच्चून केलेला विजय म्हणून येतो. मला त्यात दुसरेही काही दिसते. जिंकलेल्या राजाला ती नाणी वितळवता आली असती, किंवा बाद ठरवता आली असती. मग नाशिकच्या बाजारात ज्या विणकराच्या, तेल्याच्या, शेतकऱ्याच्या गाठीला ती होती, त्याचे काय झाले असते? नाण्याचे वजन तेच, चांदी तीच. राजाने फक्त त्याची हमी आपल्या नावावर घेतली. राज्य बदलले तरी व्यवहार थांबला नाही.

त्या व्यवहाराचे स्वरूपही आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही शत्रूच्याच लेखामुळे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून ठेवले आहे की त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. मी वहीत गणित मांडून पाहिले. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. एक पैची चूक नाही! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो हिशेब जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो परीक्षेत ताळेबंद जुळल्यावरही कधी झाला नव्हता. अशा ठेवी, अशा श्रेणी, असा विश्वास ज्या पेठेत होता, ती पेठ गौतमीपुत्राने तलवारीने जिंकली. ती मोडू न देणे हे काम तलवारीचे नव्हते.

त्याचे दोन हुकूम नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात कोरलेले आहेत. पहिला अठराव्या वर्षाचा, विजयी सैन्याच्या छावणीतून सुटलेला. त्यात वैजयंतीचे नाव येते, आणि पुष्कळ अभ्यासक वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी मानतात. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवितो की पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये. कार्ल्याच्या भिक्षूंनाही त्याने पूर्वी उषवदाताने दिलेले गाव पुन्हा आपल्या नावाने दिले. शत्रूचे दान म्हणून ते रद्द केले नाही.

दुसरा हुकूम चोविसाव्या वर्षाचा, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. तो राजाच्या आणि राजमातेच्या दोघांच्या नावाने आहे. राजा आजारी असावा असा काहींचा तर्क आहे. नवा अमात्य श्यामक याला त्यात कळविले आहे की आम्ही पूर्वी दिलेले काखडीचे शेत कोणी कसत नाही, ते गावही वसलेले नाही. तेव्हा शहराच्या शिवेवरील आमच्या स्वतःच्या शेतातून भिक्षूंना १०० निवर्तने द्यावीत. विचार करा, हे गाव का ओस पडले असेल? जेथून सैन्ये गेली, तेथे नांगर थांबले असतील. आणि ज्याच्यापुढे कोणी उभा राहू शकला नाही, तो राजा सहा वर्षांनी दगडावर कोरून मान्य करतो की आपले दान फळले नाही, आणि आपल्या खासगीतून भरपाई करतो. कागदावरची मदत शेतापर्यंत पोचली की नाही हे पाहणारा राज्यकर्ता आजही दुर्मिळच म्हणायचा.

त्यानंतर त्याचा लेख मिळत नाही. पुढे बोलते ती त्याची आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने हे तिसरे लेणे भद्रायणीय भिक्षूंना अर्पण केले, आणि त्याच्या भिंतीवर दिवंगत मुलाची कीर्ती कोरविली. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरातांचे कुळ निर्मूळ करणारा, सातवाहनांचे यश पुन्हा स्थापणारा, ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असा तो, असे त्याचे वर्णन आहे. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी देशांची मालिकाच येते. अश्मक म्हणजे गोदावरीच्या काठचा आमच्या बाजूचा मुलूख, हे वाचून मला साहजिकच बरे वाटले. राम, केशव, अर्जुन, भीम यांची उपमा तिने मुलाला दिली आहे. एका म्हाताऱ्या राणीने पुत्रवियोगानंतर असे लिहवून घ्यावे, यात अतिशयोक्ती शोधणारे आपण कोण?

तरीही दोन गोष्टी मनात अडतात. चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणून याच लेखात त्याची स्तुती आहे. ज्या पेठेत यवन, शक, बौद्ध भिक्षू आणि ब्राह्मण एकाच नाण्याने व्यवहार करीत, तेथे माणसांच्या भिंती पक्क्या करणे ही राजाची थोरवी मानली जाई, हे आपण झाकून ठेवू नये. आणि तो संकर थांबला तरी कोठे? पुढच्याच पिढीत एका सातवाहन राजाची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो. दुसरी गोष्ट जिंकलेल्या मुलखाची. इ. स. १५० च्या जुनागढ लेखात शक राजा रुद्रदामन आपल्या ताब्यातले देश मोजतो, तेव्हा सुराष्ट्र, अपरांत, अनूप, आकरावंती ही बलश्रीच्या यादीतलीच नावे पुन्हा येतात! दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिले, असेही तो म्हणतो. एका आईची यादी आणि एका शत्रूची यादी शेजारी ठेवली, की तलवारीने मिळविलेले किती दिवस टिकते ते कळते.

आपल्या पंचांगावर शालिवाहन शक छापलेला असतो, आणि गुढीपाडव्याला किंवा उगादीला आपण मातीचे सैन्य जिवंत करणाऱ्या पैठणच्या राजाची गोष्ट सांगतो. प्रत्यक्षात सातवाहनांनी आपल्या लेखांत कोणताही शक वापरला नाही. ते केवळ राज्यवर्षे मोजीत. त्यांनी ज्यांच्याशी वैर केले त्यांचे नाव कालगणनेला चिकटले, आणि लोकांनी ती सातवाहनांच्या खात्यावर जमा केली. पुन्हा एकदा जुन्या नाण्यावर नवा ठसा!

हा राजा कोणाचा, हा वाद मी गावी नेहमी ऐकते. २०१७ साली त्याच्यावर तेलुगूत भव्य चित्रपट निघाला, तेव्हा शेजारी म्हणू लागले की तो आमचा. घरी वडील म्हणाले, पैठणचा राजा तुमचा कसा? या कॉलेजात आल्यावर बनवासीचे नाव काढून कानडी मैत्रिणीही हक्क सांगू लागल्या. मी त्यांना सातवाहनांची चांदीची नाणी दाखविते, अर्थात पुस्तकातल्या चित्रात. गौतमीपुत्रानंतरच्या राजांच्या या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आहे, दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा आहे. राजाला दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांचा विश्वास हवा होता, म्हणून त्याने दोन्ही भाषा एकाच नाण्यावर छापल्या.

सुट्टीत गावी जाते तेव्हा गाडी पुलावर आली की मी खिडकीशी सरकते. खाली गोदावरीचे पात्र दिसते. त्या वेळी मला तीन समुद्रांचे पाणी प्यालेली राजाची वाहने आठवत नाहीत. आठवते ते काखडीचे ओस पडलेले शेत, आणि ते ओस पडले आहे हे ठाऊक असलेला राजा.