बालगंधर्वांचा केशसंभार

उंब्रज सोडून महामार्गाने साताऱ्याकडे निघाले की अतीतच्या पुढे नागठाणे लागते. पाटीवरील नाव वाचून एखाद्या नाट्यरसिकाने गाडी थांबवावी आणि बालगंधर्वांचे गाव ते हेच काय, अशी चौकशी करावी, असा हा योग आहे. पण हे नागठाणे ते नव्हे. उंब्रजला तारळीला पोटात घेणारी कृष्णा खाली कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि तेथून सांगलीच्या वाटेला लागते. त्या वाटेवर, पलूस तालुक्यात, नदीकाठी दुसरे नागठाणे आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचे घराणे त्या गावचे. एकाच नदीच्या खोऱ्यातील या दोन नागठाण्यांची गल्लत आजही होते.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. त्यांच्या गायनावर आणि अभिनयावर आजवर विपुल लिहिले गेले आहे. मात्र ज्या एका गोष्टीमुळे रंगमंचावर पाऊल टाकताक्षणी हा पुरुष स्त्री वाटू लागे, आणि जिचे अनुकरण महाराष्ट्रातील माजघरांनी कित्येक वर्षे केले, त्या केशभूषेचा उल्लेख बहुधा शालू, दागिने आणि अत्तर यांच्या यादीत एका शब्दात उरकला जातो. वास्तविक तो एक स्वतंत्र अध्याय आहे.

मराठी नाटकाचा उगम सांगलीचा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हाही सीता पुरुषच होता. पुढे नव्वद वर्षे हीच रीत बहुतांशी चालली. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे अकल्पनीय होते, त्यामुळे कोवळ्या आवाजाच्या मुलांवर स्त्रीभूमिकांचा भार पडे. कित्येक मंडळ्यांतील ही मुले केस राखत, वेणी घालत आणि मिसरूड फुटले की मागे पडत. इतरांसाठी केसांचा टोप असे. त्यात डोईवर झाकण ठेवावे तसा प्रकार बऱ्याचदा दिसे. तेल लावून चापून बसवलेले सरळ काळे केस, मागे एक गाठोड्यासारखा अंबाडा आणि कपाळावर टोपाची ठसठशीत कड. प्रेक्षक तेवढे समजून घेत. भाऊराव कोल्हटकरांसारख्या नटाचा गळा सुरू झाला की टोपाकडे पाहण्याची शुद्ध कोणाला राहणार!

भाऊराव १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे स्त्रीपात्र पोरके झाले. नारायणाचे नाव तोवर गाजू लागले होते. लहानपणीच त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांचा आधार लाभला. कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाले आणि मिरजेतच, १९०५ साली, सतरा वर्षांचा हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन शकुंतला म्हणून उभा राहिला. अभिनयाचे पाठ देण्यास हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल होते, गाण्याला भास्करबुवा बखले लाभले. वेशाचे शिक्षण मात्र कोणत्याही गुरूकडे मिळण्याजोगे नव्हते. ते त्यांनी आपल्या डोळ्यांनी घेतले. घरांतून, मंदिरांतून, लग्नमांडवांतून वावरणाऱ्या बायका ते न्याहाळत आणि त्यांतले नेमके टिपून रंगमंचावर आणत.

त्यांची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत ती निरखून पाहावीत. मधोमध भांग, कपाळाच्या दोन्ही अंगांनी उतरणारे लहरदार केस, ते कानांवरून सैलसर ओढून मागे नेलेले आणि त्यावर फुले. टोप असा भासतच नाही. या लहरींचे प्रयोजन निव्वळ शोभेचे नव्हते. पुरुषाचा जबडा रुंद असतो, कानशिले बसकी असतात. सरळ केस डोक्याला चिकटले की हा रुंदपणा अधिकच उठून दिसतो. तेच केस कुरळे असतील आणि कानांपाशी फुगवून घेतले असतील, तर चेहऱ्याच्या वरच्या भागाला भरदारपणा येतो आणि हनुवटी आपोआप निमुळती भासते. दुरून पाहणाऱ्या प्रेक्षकाला हे कारण कळत नाही, परिणाम तेवढा कळतो.

कुरळ्या केसाचे शास्त्रही याला अनुकूल आहे. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, तर कुरळ्याचा चपटा, लंबगोल असतो. असा केस शेजारच्या केसाला समांतर बसत नाही. प्रत्येक वळणागणिक तो दूर सरकतो आणि मध्ये हवा राहते. म्हणूनच कुरळ्या केसांचा संभार मुळातल्या केसांहून दुप्पट वाटतो. पण त्यावर तेलाचे बोट जरा जास्त फिरले की बटा एकमेकींना चिकटतात आणि सारा फुगवटा खाली बसतो. बारीक दातांची फणी कोरड्या केसांतून ओढली तर त्याहून वाईट. वळणे तुटतात, केस पिंजारतात आणि आकार जातो. त्या काळच्या सुसंस्कृत घरातील रीत नेमकी याच्या उलट होती. भरपूर खोबरेल, घट्ट वेणी, एक बट सुटलेली दिसली तरी आजीचा डोळा वटारलेला. कुरळे केस ही मुलीच्या अंगची खोडच मानली जाई आणि ती तेलाने दाबली जाई.

टोप बांधणे हे चिकाटीचे काम. बारीक जाळीवर आकड्याने दोन-दोन, चार-चार केस ओवून गाठ मारीत जावे लागते. कपाळाकडील ओळ सर्वांत विरळ ठेवायची, कारण खरे केसही तेथे विरळच उगवतात. लहर आणण्यासाठी ओले केस काडीवर गुंडाळून पूर्ण वाळू द्यायचे आणि सोडवताना कंगवा न लावता बोटांनी मोकळे करायचे. हा टोप रात्रभर घाम, रंग आणि दिव्यांची धग सोसतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नव्याने फुलवावा लागतो. पाच-सहा तास चालणाऱ्या संगीत नाटकात नायिकेची एक बटही जागची हलू नये, यामागे पडद्याआड राबणाऱ्यांचे हात असत. त्यांची नावे इतिहासाने फारशी जपलेली नाहीत, ही खंत येथे नोंदवणे भाग आहे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची चिमुकली मुलगी दगावली. प्रयोग रद्द करण्याचा विचार पुढे आला असता त्यांनी तो मोडून काढला आणि रंगपटात जाऊन बसले. भामिनी ही श्रीमंत बापाची मानी लेक, पुढे वनमाला या गरीब मुलीच्या रूपात वावरणारी. म्हणजे एकाच रात्रीत दोन वेश आणि दोन तऱ्हेचा केशसंभार. ज्या हातांनी सकाळी लेकीला निरोप दिला त्याच हातांनी संध्याकाळी गजरा माळला. त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्यांना भामिनी तेवढी दिसली.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि वैभवाचे पर्व सुरू झाले. 'स्वयंवर'ची रुक्मिणी १९१६ ची. साथीला पुढे अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी आली. रंगमंचावर खरे शालू, खरी फुले, खऱ्या अत्तराचा दरवळ. नाटक पाहून परतलेल्या बायका दुसऱ्या दिवशी आरशापुढे तेच करू लागल्या. पदर कसा घ्यावा, फुले किती आणि कोठे माळावीत, कानावरचे केस किती सैल सोडावेत, हे सारे गंधर्वांच्या नाटकांतून घरोघर पोहोचले. ज्यांचे केस उपजत कुरळे, त्यांना तर प्रथमच आपल्या खोडीचे कौतुक वाटले. शिकेकाईने न्हाऊन केस अर्धवट ओले असताना बोटांनी सुटे करावेत, तेल हातचे राखून लावावे, कानांवर हलका फुगा काढावा आणि मागचा अंबाडा मानेवर सैल टेकवावा, एवढ्याने काम भागे. सरळ केसांच्या मुलींना अधिक खटपट पडे. रात्री ओल्या केसांच्या सैल वेण्या घालायच्या किंवा चिंध्यांवर बटा गुंडाळून निजायचे, सकाळी सोडून लहर राखायची. अंबाडा भरदार दिसावा म्हणून आत गंगावन घालण्याची युक्ती तर जुनीच होती.

या अनुकरणात एक बोच आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. ज्या समाजात कुलीन स्त्रीला रंगमंच वर्ज्य होता, त्या समाजाने स्त्रीने कसे दिसावे याचा वस्तुपाठ एका पुरुषाकडून घेतला. आणि ज्या घरातील लेकी-सुना गंधर्वांसारखा फुगा काढीत, त्याच घरात एखादी सोवळी विधवा कोपऱ्यात बसलेली असे, जिच्या डोईवर एकही केस ठेवला गेलेला नसे. मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केशवपनास नकार दिला तो १८९० साली. तरीही ही चाल विसाव्या शतकात बरीच वर्षे रेंगाळली. तेव्हाच्या प्रेक्षागृहात बसलेल्या बायकांच्या लेखी भरलेले डोके म्हणजे सौभाग्याची खूण होती. नायिकेच्या केसांतले फूल पाहताना त्यांच्या मनात काय काय येत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२० मध्ये खाडिलकरांचे 'द्रौपदी' आले. द्रौपदी म्हटले की मराठी मनाला तिचे मोकळे केसच आधी आठवतात. या नाटकाच्या नेपथ्यावर, विशेषतः मयसभेवर, मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला आणि कर्जाचा डोंगर झाला. नारायणरावांनी तो हिंमतीने फेडला, पण हिशेबाची वही त्यांना अखेरपर्यंत वश झाली नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. समोर धैर्यधर म्हणून केशवराव भोसले होते. हेच केशवराव एकेकाळी शारदेच्या भूमिकेत गाजलेले. त्यांनी यथाकाल स्त्रीवेश उतरवून पुरुषभूमिकांची वाट धरली होती. गंधर्वांना ते साधले नाही, किंवा लोकांनी साधू दिले नाही.

'एकच प्याला'तील सिंधूचा येथे वेगळा उल्लेख हवा. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर महिन्याभरात नाटक रंगमंचावर आले. भामिनी-रुक्मिणीचा थाट या भूमिकेत नाही. दागिने जातात, घर जाते आणि दळण दळणारी एक कृश बाई उरते. केशभूषेच्या जोरावर मोहिनी घालणाऱ्या नटाला येथे तो आधार सोडावा लागला. तरीही सिंधू ही त्यांची सर्वोत्तम भूमिका मानणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे खोटे ठरवणे कठीण आहे.

पुढे काळ फिरला. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरचे 'आंधळ्यांची शाळा' आले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया स्वतःच्या केसांनिशी उभ्या राहिल्या. तिकडे बोलपटाने प्रेक्षक ओढून नेले. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणराव संत एकनाथ झाले. टोप नाही, गजरा नाही, शालू नाही. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे त्यांना शकुंतला आणि रुक्मिणी म्हणून मनात जपले होते, त्यांना पडद्यावरचा हा पुरुष परका वाटला. आपला लाडका नट पुरुष आहे, हे त्यांना ठाऊक होतेच, फक्त ते पाहायचे नव्हते. दोन वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेशात आले, पण कॅमेरा रंगभूमीच्या प्रेक्षकासारखा समंजस नसतो. तो जवळ जातो आणि टोपाची कड शोधून काढतो.

पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये गेल्या. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, नायिकेच्या भूमिका करू लागल्या आणि पुढे नारायणरावांच्या सहचारिणी झाल्या. समाजाने त्यावरून त्यांना बोल लावला. देह स्थूल झाला, पाय दुबळे झाले. तरीही साठी उलटलेला हा नट मागणी आली की रंगपटात जाई, चेहऱ्यावर रंग चढवी आणि विरळ झालेल्या डोईवर तोच दाट, लहरदार संभार बसवून घेई. पाहणाऱ्यांत हळहळणारे होते, तसेच डोळे मिटून केवळ ऐकणारेही होते. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य तैलचित्रे लावण्यात आली. एक पुरुषवेशातील नारायणरावांचे, दुसरे स्त्रीभूमिकेतील गंधर्वांचे. ही चित्रे पाहणाऱ्यांचे पाय दुसऱ्या चित्रापुढे अंमळ अधिक रेंगाळतात.