विमानाचा आराखडा जगाला देऊन टाकणारे सांतोस-द्युमाँ

घरच्या घरी विमान बांधण्याचा छंद आज अनेक देशांत रुजला आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांना रिवेट मारून, वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक छत बसवून हौशी मंडळी स्वतःचे विमान उभे करतात. या परंपरेच्या उगमापाशी ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांचे नाव येते.

त्यांचा जन्म २० जुलै १८७३ रोजी मिनास जेराइस प्रांतात झाला. वडील अभियंता आणि कॉफीचे मोठे बागायतदार होते. मळ्यातील यंत्रे न्याहाळत आणि मळ्याच्या रेल्वेचे इंजिन चालवत आल्बेर्तो वाढले. घोड्यावरून पडून वडील अपंग झाल्यावर मळा विकला गेला. वडिलांनी दिलेल्या संपत्तीच्या बळावर आल्बेर्तो पॅरिसला गेले आणि तेथेच त्यांच्या आकाशवेडाला दिशा मिळाली.

१८९८ पासून त्यांनी इंजिनावर चालणारी हवाई जहाजे बांधली. ऑगस्ट १९०१ मध्ये त्यांचे पाचवे जहाज पॅरिसमधील एका हॉटेलच्या छतावर कोसळले. ते थोडक्यात बचावले. लगेच सहावे जहाज तयार करून १९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांनी सँ-क्लू येथून निघून आयफेल मनोऱ्याला वळसा घातला आणि ते परतले. अर्ध्या तासाची मुदत पाळली गेली की नाही, यावर वाद झाला. अखेर पारितोषिक त्यांनाच मिळाले. ही रक्कम त्यांनी आपले सहकारी आणि पॅरिसमधील गरिबांमध्ये वाटून टाकली.

२३ ऑक्टोबर १९०६ रोजी बागातेल येथे त्यांच्या ‘१४-बिस’ या विमानाने जमावासमोर सुमारे ६० मीटर उड्डाण केले. १२ नोव्हेंबरला हे अंतर २२० मीटरवर गेले. अमेरिकेत राइट बंधूंनी १९०३ मध्येच उड्डाण केले होते. तरीही युरोपने विमान उडताना प्रथम पाहिले ते या प्रयोगात. ब्राझीलमध्ये आजही विमानविद्येचे जनक म्हणून सांतोस-द्युमाँ यांनाच मान दिला जातो.

त्यांचे सर्वांत देखणे काम म्हणजे १९०७ ते १९०९ या काळात विकसित झालेले ‘देमोआझेल’. पंखांचा विस्तार सुमारे पाच मीटर, सांगाडा बांबूचा, पंखांवर रेशमी कापड आणि सांध्यांना धातूचे जोड. शेपटीचे पडदे चौफेर फिरणाऱ्या सांध्यावर बसवलेले होते. वैमानिक पंखाखाली, चाकांच्या मध्ये, उघड्यावर बसे. छत असे नव्हतेच. पंख मुरडण्याची कळ त्याच्या पाठीशी जोडलेली असल्याने शरीर कलवून तोल सावरावा लागे. विमान इतके आटोपशीर होते की मोटारीवर लादून नेता येई.

या विमानाचे स्वामित्वहक्क न घेता सांतोस-द्युमाँ यांनी आराखडा सर्वांसाठी खुला केला. १९१० मध्ये एका अमेरिकी मासिकाने तो तपशीलवार छापला. पुढे नामवंत वैमानिक झालेले रोलाँ गारोस यांनीही ‘देमोआझेल’वरच उड्डाणाचे धडे घेतले. पॅरिसच्या विख्यात टेनिस मैदानाला त्यांचेच नाव आहे.

१९१० मध्येच आजारपणामुळे सांतोस-द्युमाँ यांचे उड्डाण थांबले. पहिल्या महायुद्धात विमानांतून बॉम्ब पडू लागले आणि हे शल्य त्यांना अखेरपर्यंत टोचत राहिले. विमानांचा शस्त्र म्हणून वापर थांबावा, अशी विनंती त्यांनी १९२६ मध्ये राष्ट्रसंघाकडे केली. ती फळाला आली नाही. १९२८ मध्ये ते मायदेशी परतत असताना त्यांच्या स्वागतासाठी झेपावलेले विमान रिओजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सर्व जण दगावले. या आघाताने ते अधिकच खचले.

१९३२ मध्ये साओ पावलो प्रांतात यादवी पेटली आणि ब्राझीलच्याच आकाशात लढाऊ विमाने फिरू लागली. त्या दिवसांत, २३ जुलै रोजी, ग्वारुजा येथे त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

रिओ दि जानेरोच्या एका विमानतळाला आणि त्यांच्या जन्मगावाला आज त्यांचे नाव आहे. मात्र आपल्या कोठारात विमानाचा सांगाडा जुळवणारा प्रत्येक हौशी कारागीर हेच त्यांचे खरे स्मारक होय.