लोकांसाठी लिपी घडविणारा राजा

सेजोंग हा कोरियाच्या चोसन राजघराण्यातील चौथा राजा. त्याचा जन्म १३९७ साली झाला. राजा थेजोंगचा हा तिसरा पुत्र. थोरल्या राजपुत्राची वर्तणूक राजपदाला शोभेशी नव्हती; म्हणून पित्याने त्याला दूर सारून अभ्यासू सेजोंगला युवराज केले. १४१८ साली सेजोंग सिंहासनावर बसला. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.

राज्य हाती आले, तरी त्याचा विद्याव्यासंग सुटला नाही. त्याने देशातील तरुण विद्वान राजवाड्यात एकत्र आणले. पर्जन्य मोजण्याचे पात्र, पाण्यावर चालणारे घटिकायंत्र, छपाईसाठी धातूचे सुबक खिळे अशी अनेक उपयुक्त साधने त्याच्या कारकिर्दीत तयार झाली.

परंतु एक उणीव त्याच्या मनाला सतत टोचत असे. प्रजा कोरियन भाषा बोले. लिहिण्यासाठी मात्र चिनी चिन्हे वापरावी लागत. ती हजारो चिन्हे शिकण्याइतकी सवड शेतकऱ्याला कोठून असणार? १४२८ साली एका माणसाने आपल्या पित्याचा वध केल्याची वार्ता राजाच्या कानी आली. राजा फार व्यथित झाला. लोकांना सद्वर्तनाचे धडे मिळावेत, म्हणून त्याने एक सचित्र ग्रंथ तयार करवून १४३४ साली प्रसिद्ध केला. पण त्यातील मजकूर होता चिनी लिपीत! सामान्य लोकांना चित्रे दिसली, अक्षरे मात्र मुकीच राहिली.

तेव्हा सेजोंगने स्वतःच नवी लिपी घडविण्याचे मनावर घेतले. १४४३ च्या अखेरीस २८ अक्षरे सिद्ध झाली. त्यांची आकृती त्याने मुखातूनच घेतली. मुलांनो, न हा वर्ण उच्चारून पाहा. जिभेचे टोक वर उचलले जाते ना? जिभेचा तोच बाक कोरियन न च्या आकारात आहे. म साठी मुखाचा चौकोन आणि कंठातील ध्वनीसाठी वर्तुळ त्याने योजले. आपल्या वर्णमालेतही कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग आहेत. सेजोंगने ती उच्चारस्थाने अक्षरांच्या रूपातच दाखविली. स्वरांसाठी त्याने तीन खुणा घेतल्या : गोल आकाशाचा ठिपका, सपाट भूमीची आडवी रेघ आणि उभ्या माणसाची उभी रेघ.

ही वार्ता पसरताच दरबारात वादळ उठले. १४४४ साली छ्वे मल्ली आणि इतर विद्वानांनी अर्ज करून लिपीला कडाडून विरोध केला. चिनी अक्षरे सोडल्यास आपण रानटी ठरू, असे त्यांचे म्हणणे होते. राजाने त्यांना कैदेत टाकले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांची सुटका केली. त्याची दृष्टी अधू झाली होती, शरीर व्याधींनी पोखरले होते. तरीही त्याने काम सोडले नाही. १४४६ साली लिपी प्रजेपुढे आली. पुढच्याच वर्षी गौतम बुद्धाचे चरित्र तिच्यात लिहून झाले आणि पुढे ते धातूच्या खिळ्यांनी छापलेही गेले. सरळ रेघा, ठिपके आणि वर्तुळे यांनी सजलेली ती पाने आजही मन वेधून घेतात.

१४५० साली सेजोंग निवर्तला. त्यानंतर कित्येक शतके पंडितांनी ही लिपी हलकी मानली. १५०४ साली एका राजाने तिच्यावर बंदीही घातली. पण स्त्रियांनी आणि सामान्य जनांनी ती जतन केली. अखेर १८९४ साली तिला राजकारभारात मान मिळाला. हंगुल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लिपीत आज २४ मूळ अक्षरे आहेत. त्यांच्या रेघा आणि वर्तुळे यांतून अक्षरचित्रकार नवनवी रूपे साकारतात. भित्तिपत्रकांवर, पाट्यांवर आणि वस्त्रांवरही ती झळकतात.

या अक्षरांचे सौंदर्य केवळ त्यांच्या रेखीवपणात नाही. निरक्षर प्रजेचे दुःख ओळखणाऱ्या राजाच्या अंतःकरणातून ती जन्मली, हेच त्यांचे खरे सौंदर्य होय.