विश्लेषण : काही टाके काढावे लागतात, काही आपोआप विरघळतात, असे का? नायलॉनचे जनक कॅरदर्स यांनी काय शोधले होते?

जखम शिवली की काही टाके आठ-दहा दिवसांनी काढावे लागतात. काही टाके मात्र शरीरातच विरघळून जातात. हे दोन्ही धागे पॉलिमरचे असतात आणि दोन्हींचा माग अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. त्यांना जेमतेम ४१ वर्षांचे आयुष्य मिळाले.

पॉलिमर म्हणजे नेमके काय?

एकसारखे छोटे रेणू एकामागोमाग जोडले जाऊन झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील शहापूर परिसराला हा पदार्थ नवा नाही. इथल्या बांध्यांत पिकणाऱ्या धानातला स्टार्च ही ग्लुकोजची साखळी आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे विणकर ज्या कोशाच्या धाग्यावर काम करतात, ती अमिनो आम्लांची साखळी आहे. निसर्ग हे सहज करतो. प्रश्न होता, माणसाला ते जमेल का?

कॅरदर्स कोण होते?

२७ एप्रिल १८९६ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी शिक्षणाच्या कॉलेजात शिकवत. मिसुरीतील टार्किओ कॉलेजात शिकत असतानाच कॅरदर्स तिथे केमिस्ट्री शिकवू लागले. १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली आणि पुढे ते हार्वर्डमध्ये अध्यापक झाले. ड्यू पाँट कंपनीने मूलभूत संशोधनासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. आपल्याला नैराश्याचे झटके येतात, हे त्यांनी कंपनीला स्पष्टपणे कळवले होते. अखेर १९२८ मध्ये ते विल्मिंग्टनला रुजू झाले.

तेव्हा वाद काय होता?

जर्मनीचे हेरमान श्टाउडिंगर म्हणत होते, की रबर, सेल्युलोज हे खरोखरच महाकाय रेणू आहेत. अनेक शास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. त्यांच्या मते हे छोट्या रेणूंचे नुसते पुंजके होते. कॅरदर्स यांनी वाद घालण्याऐवजी साखळी स्वतः, एकेक कडी जोडून बनवायचे ठरवले. एका रेणूच्या दोन्ही टोकांना आम्ल, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल. दोन्ही टोके जुळली की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टरचा बंध तयार होतो. टोके उरतातच, म्हणून साखळी वाढत जाते.

मग अडचण कुठे आली?

साखळ्या फार लांब होत नव्हत्या. यामागचे गणित कॅरदर्स यांच्याच नावाने शिकवले जाते. दोन्ही घटक समप्रमाणात असतील आणि ९५ टक्के टोके जुळली, तर साखळीत सरासरी २० कड्याच येतात. ९९ टक्के जुळली तर १००, ९९.५ टक्के जुळली तर २००. म्हणजे खरा फरक शेवटच्या काही टक्क्यांत पडतो. आत राहिलेले पाणी मात्र जुळलेले बंध पुन्हा तोडते. म्हणून निर्वातात पाणी काढून घेणारे खास उपकरण वापरले गेले. एप्रिल १९३० मध्ये सहकारी ज्युलियन हिल यांनी १२ हजारांहून जास्त रेणुभाराचे पॉलिएस्टर बनवले. त्याचा धागा थंड झाल्यावर ओढला, तर तो तुटण्याऐवजी कित्येक पट लांबला आणि मजबूत झाला. साखळ्या एका दिशेने रांगेत बसल्या होत्या. त्याच महिन्यात याच गटात निओप्रीन हे कृत्रिम रबरही तयार झाले.

नायलॉन कसे आले?

त्या पॉलिएस्टरचे कापड होणे शक्य नव्हते. ते कमी तापमानाला वितळे आणि गरम पाण्यात टिकत नसे. कॅरदर्स यांनी अल्कोहोलऐवजी अमाइन घेतले. आता एस्टरच्या जागी अमाइड बंध आला. कोशाच्या रेशमातही हाच बंध असतो. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे धागा सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६,६ तयार झाले.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९३६ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडही झाली. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. तरीही आपल्या हातून काही झाले नाही, नवे सुचत नाही, ही भावना त्यांना सोडेना. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इसोबेल गेली. २९ एप्रिल १९३७ रोजी फिलाडेल्फियात कॅरदर्स यांनी आयुष्य संपवले. मुलीचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी झाला. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली. त्यांच्या गटात १९३४ मध्ये आलेले पॉल फ्लोरी यांना १९७४ मध्ये नोबेल मिळाले.

शरीरात याचा उपयोग काय?

नायलॉनचा अमाइड बंध पाण्याला सहज दाद देत नाही. म्हणून त्वचेवरचे नायलॉनचे टाके काढावे लागतात. अँजिओप्लास्टीच्या फुग्यांतही नायलॉन वापरले जाते. उलट, पाण्यात तुटणारा एस्टर बंध कापडासाठी दोष होता, तोच शरीराच्या आत गुण ठरला. कॅरदर्स यांनी १९३२ मध्ये लॅक्टाइडसारख्या कडीच्या आकाराच्या एस्टरपासून साखळी बनवण्याचा अभ्यास केला होता. त्याच कुळातल्या पॉलिग्लायकोलिक आम्लाचे टाके १९७०च्या सुमारास बाजारात आले. शरीरातले पाणी त्यांचे बंध तोडते, धागा साधारण दोन-तीन महिन्यांत नाहीसा होतो आणि उरलेले छोटे रेणू शरीर सामावून घेते किंवा बाहेर टाकते.

म्हणूनच टाके घातल्यावर घरी जाण्यापूर्वी धागा कोणता आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ते काढायला पुन्हा यायचे की नाही, हे त्यातल्या बंधावर ठरते.