इरावती कर्वे : बेटीव्यवहाराच्या संशोधनाकडून पंगतीच्या प्रश्नाकडे

रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन निर्बंधांवर जातिसंस्थेची चौकट उभी राहिली. त्यांपैकी बेटीव्यवहाराचा शोध इरावती कर्वे यांनी मानवशास्त्रज्ञ म्हणून आयुष्यभर घेतला. रोटीव्यवहाराचा प्रश्न मात्र त्यांना सर्वांत तीव्रतेने भिडला तो पंढरीच्या वाटेवर.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध सादर केला. त्यानंतर बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमरूपतेचा अभ्यास केला. फिशर यांची वंशश्रेष्ठत्वाची गृहीतके त्यांच्या मोजमापांतून सिद्ध झाली नाहीत. आपला निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या मताला मुरड घालून बदलला नाही.

१९३९ पासून १९७० पर्यंत त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. भारतीय नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. जात म्हणजे परस्परांत विवाह करणाऱ्या आप्तांचा विस्तारलेला समूह होय, ही त्यांची प्रमुख भूमिका होती. त्यांची मानवमितीची पद्धती आज मागे पडली असली, तरी या भूमिकेचे महत्त्व कमी होत नाही.

ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर केलेल्या वारीचा अनुभव ‘वाटचाल’ या लेखात आला आहे. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकच अभंग म्हणत. पंगती मात्र वेगळ्या बसत. हा दुरावा इरावतीबाईंना बोचला. त्या मराठा स्त्रियांबरोबर जेवल्या आणि त्यानंतर त्या स्त्रिया त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. एका तरुणीने मात्र विचारले, की आम्ही पुण्याला घरी आलो तरी तुम्ही अशाच वागाल का? ज्या लेखात महाराष्ट्राची ओळख पंढरीला जाणाऱ्या लोकांवरून सांगितली गेली, त्याच लेखात ही शंकाही नोंदवली गेली आहे. अभ्यासकाची आत्मीयता कितपत टिकाऊ असते, हा प्रश्न येथे अभ्यासविषय झालेल्या समाजानेच अभ्यासकाला विचारला आहे.

‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ललित लेखिका म्हणून त्यांची कीर्ती त्यामुळे दृढ झाली. अखेरच्या वर्षांतील संशोधन मात्र लोकांच्या उपजीविकेशी निगडित होते. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी १९६९ मध्ये आणि आठवडी बाजारांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना नातेसंबंधांच्या कोष्टकांशेजारी त्या तरुणीचा प्रश्नही ठेवावा लागतो.