घराच्या भिंतीला तडे का जातात? मातीचं गणित मांडणारे कार्ल टर्झागी

जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठंही जा, एक गोष्ट नक्की दिसेल. घर नवं, स्लॅब मजबूत, सिमेंटही चांगलं, तरी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलेला. घरचे म्हणतात, गवंड्यानं माल कमी टाकला. गवंडी म्हणतो, तुम्हीच भिंतीला पाणी कमी मारलं. मग तडा बुजवायचा, रंग द्यायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा उघडला की पुन्हा खर्च करायचा.

अशा बऱ्याच घरांत खरी गडबड जोत्याच्या खाली, मातीत असते. माती ओझ्याखाली कशी वागते हे ज्यांनी पहिल्यांदा नीट आकड्यांत मांडलं, त्या कार्ल टर्झागी यांची ही गोष्ट. इंजिनिअरिंगला ‘सॉईल मेकॅनिक्स’ नावाचा जो विषय असतो, त्याचे ते जनक मानले जातात.

मेकॅनिकलचा विद्यार्थी मातीकडे कसा वळला?

टर्झागींचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्राग शहरातला. वडील लष्करात अधिकारी होते, पण कार्ल लहान असतानाच ते वारले. पुढं ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले आणि १९०४ मध्ये पदवी घेतली. खरी ओढ मात्र भूगर्भशास्त्राची. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना त्यांनी या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत आणलं.

नोकरीत बांधकामाच्या साइटवर गेल्यावर त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पूल, धरण, इमारत यांचं लोखंड किती लागेल, काँक्रीट किती लागेल, याचा हिशोब पक्का होता. पण हे सगळं ज्या जमिनीवर उभं राहणार, तिचा हिशोब अंदाजपंचे! म्हणून १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथं धरणांच्या साइट फिरून त्यांनी पायांची ढीगभर माहिती जमवली. पण त्या ढिगातून नियम काही निघेना. कारण ‘चिकणमाती’ किंवा ‘वाळू’ अशा नुसत्या नावावरून ती माती किती दबेल हे कळत नाही. ते निराश होऊन परतले.

इस्तंबूलमधली प्रयोगशाळा

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, ते इस्तंबूलला शिकवायला गेले. युद्ध संपल्यावर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात त्यांनी साध्यासुध्या सामानातून उपकरणं तयार केली. एका कड्यात ओली चिकणमाती भरायची, वरून वजन द्यायचं, पाणी निघायला वाट ठेवायची आणि मातीची जाडी किती वेळात किती कमी होते ते मोजत बसायचं. आजही प्रयोगशाळांत हीच चाचणी होते.

त्यांना काय सापडलं? आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वजन ठेवतो. पाणी लगेच निघत नाही, रात्रभर थेंब थेंब गळतं आणि चक्का हळूहळू घट्ट होतो. चिकणमातीचं तसंच आहे. वर ओझं आलं की सुरुवातीला ते छिद्रांतलं पाणी पेलतं. पाणी जसजसं बाहेर जातं तसतसं ओझं मातीच्या कणांवर येतं आणि माती दबते. छिद्रं फार बारीक असल्यानं याला वर्षंही लागतात.

म्हणजे एकूण भारातला एक वाटा पाण्याचा आणि उरलेला कणांचा. मातीची ताकद ठरते ती कणांच्या वाट्यावर. हे दबणं सांगणारं समीकरण त्यांनी १९२३ मध्ये मांडलं आणि १९२५ मध्ये जर्मन भाषेत पुस्तक काढलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीचं बोलावणं आलं.

वाद, आणि पुन्हा अमेरिका

१९२९ मध्ये ते व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून गेले. तिथं पाउल फिलुंगर या सहकारी प्राध्यापकांनी त्यांचं गणितच चुकीचं असल्याचा जाहीर आरोप केला. चौकशी समिती बसली आणि कौल टर्झागींच्या बाजूनं लागला. दरम्यान १९३६ मध्ये हार्वर्डला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रिया सोडलं आणि पुढं हार्वर्डमध्ये शिकवलं.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. आधी साइटवर जायचं, माती बघायची, मोजमाप सुरू ठेवायचं आणि जमीन जे दाखवेल त्याप्रमाणे आपला आराखडा बदलायचा.

मग आपल्या काळ्या मातीत काय होतं?

जालन्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते. उन्हाळ्यात ती वाळते तेव्हा छिद्रांत उरलेलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं, माती आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे इथंही सूत्रं पाण्याच्याच हातात!

घराखाली हे सगळीकडे सारखं होत नाही. कडेची माती लवकर भिजते, लवकर वाळते. मधल्या मातीवर फरशी असल्यानं तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडा वर-खाली होतात, मध्य जागेवर राहतो आणि ताण भिंतीवर येतो.

आपल्या जुन्या लोकांना हे अनुभवानं ठाऊक होतं. गाव वसायचं पांढरीवर, शेती व्हायची काळीत. आता गावाबाहेर काळ्या शेतात प्लॉट पडलेत आणि घरं तिथं उभी राहतायत.

तडा दिसला तर काय करायचं?

१. आधी मोजा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. शेजारी पट्टी धरून दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही येऊ द्या. तडा ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर मातीवर संशय घ्या. सतत वाढतच असेल तर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

२. मग पाणी आवरा. गळकी पाइपलाइन, जोत्याशी साचणारं नहाणीचं सांडपाणी, स्लॅबवरून भिंतीलगत पडणारं पावसाचं पाणी, सगळं घरापासून लांब न्या. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटचा पट्टा करा. शोषखड्डा आणि मोठी झाडं भिंतीला खेटून नकोत.

३. हालचाल थांबल्यावरच तडा भरा. पाया खाली मुरमापर्यंत न्यायची वेळ आलीच, तर ते काम तुकड्या-तुकड्यानं, एक सोडून एक, आणि इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करायचं. सगळा पाया एकदम उघडला तर भिंत खाली येऊ शकते.

नवं घर बांधताय?

मातीची फुगवण चाचणी करून घ्या. १०-१० ग्रॅम कोरडी, चाळलेली माती दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. २४ तासांनी रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १८ मिली भरली, तर फुगवण ८० टक्के. १०० च्या वर गेली तर माती फार फुगणारी समजा.

उपायही आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खाली फुगीर कंद असलेले काँक्रीटचे पाइल विकसित केले. ओलावा जिथं फारसा बदलत नाही तिथपर्यंत ते जातात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं की न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर नीट दाबून घातला तर काळ्या मातीचं फुगणं आवरता येतं.

टर्झागी २५ ऑक्टोबर १९६३ रोजी वारले. कॅनडात दबणाऱ्या चिकणमातीवर त्यांनी एक धरण उभं करून दाखवलं होतं. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचं नाव दिलं गेलं.

तुमच्या घरात कोणी प्लॉट बघत असेल तर हा लेख त्यांना पाठवा. आणि प्लॉट बघायला जाल तेव्हा शेजारची विहीर किंवा एखादा खणलेला खड्डा आधी बघा. काळी माती किती फूट आहे आणि मुरूम कुठं लागतो, ते तिथंच कळेल.